आईचे आजारपण : उपचार, सोबत आणि शेवटची सेवा



या पानावर दर अंकी आम्ही बेणे, लागण, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या अंकी विषय वेगळा आहे, पण तो शेतकी खात्याच्या कामाबाहेरचा आहे असे आम्हांस वाटत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात "आमचा ऊस पाळीच्या आधी न्या" असे अर्ज येतात. त्यांतले काही अर्ज उगीच असतात, हे आपणही जाणता. पण काही अर्जदारांना कारण विचारले तर ते मान खाली घालून सांगतात, "आईला मोठ्या दवाखान्यात न्यायचं हाय. बिल निघाल्याशिवाय हालता येत नाही."

आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा राहू शकतो. कॅन्सर तितका थांबत नाही. "ऊस गेल्यावर बघू" या एका वाक्यापायी आमच्या पाहण्यातल्या दोन-तीन घरांत आया हातच्या गेल्या. आमच्याही घरी हा आजार येऊन गेला. २०२१ साली आमच्या आईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला आणि एप्रिल २०२३ मध्ये ती घरीच वारली. त्या पावणेदोन वर्षांत डॉक्टरांकडून, नर्सबाईंकडून आणि तिच्याकडून जे शिकायला मिळाले, ते सभासदांच्या उपयोगी पडावे म्हणून हा पाठ लिहिला आहे. औषध कोणते व किती घ्यावे हे डॉक्टरांनीच सांगायचे. घरच्यांनी काय करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

१. आजार ओळखणे

उसावर काणी आली की शेंड्यातून काळा चाबकासारखा पट्टा निघतो. जाणता शेतकरी तो दिसताच पोते घालून काढतो आणि बेटासकट उपटून जाळतो. एका बेटावर असतो तोवर रोग आपल्या हातात असतो. पण घरातल्या बाईमाणसाच्या अंगावरचा रोग असा दिसत नाही. ती सांगेल तेव्हाच तो कळतो, आणि आपल्या आया सांगत नाहीत. लाज वाटते, खर्चाची भीती असते, शिवाय खुरपणी-भांगलणीतून सवड नसते.

पुढील गोष्टी आढळल्यास दुखत नसले तरी डॉक्टरांना दाखवणे अगत्याचे आहे :

पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागणे. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे. घाण वास येणारे पांढरे जाणे. स्तनात न दुखणारी गाठ, किंवा बोंडातून रक्त येणे. तोंडातली जखम अथवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत बरा न होणे. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या आया-आज्या पुष्कळ आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तेव्हा शेवटची खूण त्यांनी विशेष ध्यानात ठेवावी.

हा रोग वेळीच सापडू शकतो, याचा दाखला आपल्याच पट्ट्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांमध्ये १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांना घेऊन मोठा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल यांचा त्यात सहभाग होता. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत एचपीव्ही या विषाणूची तपासणी फक्त एकदा झाली, तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या मानाने जवळजवळ निम्मे झाले. ही तपासणी जगाला शिकवणाऱ्या बाया आपल्याच शिवारातल्या होत्या. आपल्या घरच्या बायांनी मात्र तपासणीला जाऊ नये, हे बरे नव्हे. तीस वर्षांपुढील प्रत्येक स्त्रीने प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात याची चौकशी करावी.

२. दवाखाना आणि पैसा

संशय आला की पहिले काम म्हणजे तुकडा काढून तपासणे. त्याने रोग वाढतो, ही समजूत खोटी आहे. तुकडा तपासल्याशिवाय रोग कोणता ते कळत नाही, आणि इतर तपासण्या झाल्याशिवाय तो कितपत पसरला, म्हणजे कोणत्या टप्प्यावर आहे, ते ठरत नाही. माती परीक्षण न करता खत टाकावे तसे ते होईल.

टाटा मेमोरियल हॉस्पिटल मुंबईत परळला १९४१ सालापासून आहे. बार्शीचे नर्गिस दत्त हॉस्पिटल १९८२ पासून ग्रामीण भागासाठी काम करते. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणीही १९८७ साली बार्शीलाच सुरू झाली. मुंबईस जावे लागलेच तर राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, टाटा हॉस्पिटलचे स्वतःचे बोर्जेस होम वांद्र्याला आहे. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात आधी चौकशी करावी. फुटपाथवर राहण्याची पाळी येऊ देऊ नये.

पैशाविषयी स्पष्ट लिहितो. सावकाराकडे जाण्याआधी, गाय विकण्याआधी आणि रान गहाण टाकण्याआधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा. २०१२ साली राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्या आठांत आपला सोलापूर होता. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कॅन्सरचे ऑपरेशन, शेक आणि केमोथेरपी असे पुष्कळ उपचार तिच्यात बसतात. मात्र दवाखाना योजनेतला पाहिजे, आणि रेशनकार्ड व आधारकार्ड दाखल होतानाच बरोबर पाहिजे. आधी रोख भरले आणि मागून योजना मागितली, तर अडचण होते. योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो.

रेल्वेने उपचारासाठी जाताना कॅन्सर रुग्णास स्लीपर व थ्री टायर एसीत भाडे लागत नाही, सोबतच्या एका माणसाला तीन चतुर्थांश सवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. एस. टी. मध्येही कॅन्सर रुग्णांना सवलत आहे. आगारात विचारून घ्यावे.

कागदांविषयी एक सूचना. आमच्या आईला उसाच्या पावत्या, वजनाच्या चिठ्ठ्या आणि बिले तारीखवार पत्र्याच्या डब्यात ठेवायची सवय होती. आजारपणाचे कागद तिने तसेच ठेवले. कुठल्याही डॉक्टरपुढे डबा उघडला की पहिल्या तपासणीपासून सगळे क्रमाने हाती येई. दोन ठिकाणी डॉक्टरांनी त्याबद्दल तिचे कौतुक केले, आणि दोन तपासण्यांचा दुबार खर्च वाचला. एका पिशवीत, तारखेप्रमाणे, सर्व कागद : एवढा नियम पाळावा.

३. उपचार चालू असताना

गर्भाशयमुखाचा रोग अगदी सुरुवातीला सापडला तर ऑपरेशन होते. थोडा पुढे गेलेला असेल तर रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतात ते, आठवड्याचे पाच दिवस असे साधारण पाच आठवडे देतात. बरोबर बहुधा आठवड्यातून एकदा सिसप्लॅटिनचे सलाईन असते, आणि शेवटी आतून शेक देतात. हे सगळे आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हावे असा डॉक्टरांचा आग्रह असतो. मध्ये खंड पडला तर रोगाला डोके वर काढायला वाव मिळतो. म्हणून सण, लग्न, जत्रा किंवा ऊसतोड यांसाठी शेक चुकवू नये. तोडणीच्या दिवशी रानात उभा राहायला भावकीतला माणूस नेमा आणि चिटबॉयला आधी कल्पना द्या. तुमचा ऊस कोणी खाणार नाही.

आमची आई दर शेकाला कॅलेंडरवर हळदीचा टिपका लावी. पंचवीस टिपके झाल्यावर म्हणाली, "आता ह्या महिन्याला हळद लागली, लगीनच उरलंय." अशी माणसे दवाखान्यातही हसतात. त्यांच्याबरोबर आपणही हसावे.

या काळात जुलाब होतात, लघवीला जळजळते, मळमळते, थकवा येतो. तिखट, तेलकट व कोंड्याचे बंद करून मऊ भात, मुगाचे वरण, ताक, केळ असे द्यावे. सिसप्लॅटिनचा भार मूत्रपिंडावर पडतो. म्हणून डॉक्टर सांगतील तेवढे पाणी दिवसभर थोडे थोडे पाजावे आणि रक्ताची तपासणी चुकवू नये. एक गोष्ट मात्र सर्वांनी पाठ करून ठेवा. केमोथेरपी चालू असताना १००.४ पेक्षा जास्त ताप आला तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठायचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, तिथे साधा ताप साधा राहत नाही.

कोणी झाडपाला सुचवील, कोणी अंगारा देईल. श्रद्धेला आम्ही नावे ठेवत नाही. अंगारा कपाळाला लावावा आणि शेकाची वेळ गाठावी. पोटात घ्यायचे औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

हा रोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने लागत नाही. आईचे ताट-तांब्या वेगळा काढणे म्हणजे तिला जितेपणी घराबाहेर काढणे होय.

४. सांगावे की लपवावे?

बहुतेक घरांत ठरते की म्हातारीला सांगायचे नाही. हेतू चांगला असतो. पण जिला रोज कॅन्सरच्या दवाखान्यात नेतात, जिच्या शेजारच्या बाकावर टक्कल पडलेल्या बाया बसलेल्या असतात, तिला काय कळत नाही? आमच्या आईने तिसऱ्या दिवशी विचारले, "मला काय झालंय ते तुम्ही सांगता, का मी डॉक्टरीणबाईला विचारू?" आम्ही दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागलो. बहिणीने सांगितले. आई थोडा वेळ गप्प बसली, आणि मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. एकटीनं वळखून बसले व्हते."

आमचे मत असे झाले आहे की तिने विचारले तेवढ्याचे खरे उत्तर द्यावे. न विचारलेले लादू नये, विचारलेले खोटे सांगू नये. "तू बरी होणार" असे वचन देऊ नये. "आम्ही तुला सोडून कुठं जाणार नाही" हे वचन द्यावे, कारण ते आपल्याला पाळता येते.

५. सेवेचे पाळीपत्रक

कालव्याच्या पाण्याला पाळीपत्रक नसेल तर वरचा भिजवतो आणि शेवटच्याचे रान वाळते. आजाऱ्याच्या सेवेचे तसेच आहे. पाळी ठरवली नाही तर सगळा भार एका सुनेवर पडतो. ती रात्री जागते, पहाटे धारा काढते, दुपारी भांगलायला जाते, आणि सहा महिन्यांत तीच अंथरूण धरते. भेटीला येणारे मुलाला म्हणतात, "आईची लई सेवा केलीस बाबा."

म्हणून घरातल्यांनी एकत्र बसून कागदावर लिहावे : रात्रीची पाळी कोणाची, दवाखान्याची कोणाची, औषधांची नोंद कोणाकडे, गुरांकडे कोण पाहणार. या आजारात अंग स्वच्छ करणे, कपडा बदलणे अशी कामे असतात. आई ती मुलाकडून करून घ्यायला लाजते. ती लाज राखावी, लेकीला किंवा बहिणीला बोलवावे. पण मग पुरुषांनी चूल, धुणे आणि धारा आपल्याकडे घ्याव्यात. आमच्याकडे धाकट्या भावाने चार महिने भाकरी थापल्या. पहिल्या महिन्यात त्या नकाशासारख्या होत. आईने त्या मुकाट्याने खाल्ल्या आणि दुसऱ्या महिन्यापासून खोड्या काढू लागली.

भेटीला येणाऱ्यांसही विनंती आहे. दहा मिनिटांपेक्षा अधिक बसू नये, कोण कोण याच रोगाने गेले ती यादी सांगू नये, आणि हात हलवीत न येता दळण आणणे, पाणी भरणे असे एखादे काम विचारावे.

६. रोग उलटल्यावर

पुष्कळांचा रोग पूर्ण बरा होतो, हे प्रथम सांगतो. शेक-केमो पुरे करून आज वर्षानुवर्षे शेतात राबणाऱ्या बाया आपल्या कार्यक्षेत्रात आहेत. पण काहींचा उलटतो. आमच्या आईचा डिसेंबर २०२२ मध्ये उलटला, कंबरेत कळा सुरू झाल्या. अशा वेळी घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, एकर विकू पण मुंबई-पुणे करू. दुसरा म्हणतो, आता हाल नकोत. दोघांचेही प्रेमच असते.

अशा वेळी डॉक्टरांना तीन प्रश्न सरळ विचारावे. या उपचाराने रोग बरा होणार की काही काळ आटोक्यात राहणार? त्याचा त्रास काय आणि किती दिवस दवाखान्यात जातील? हा उपचार घेतला नाही तर काय होईल? उत्तरे लिहून घ्यावीत आणि आईसमोर ठेवावीत. आजार तिचा आहे, निर्णयात पहिला मान तिचा आहे. आमची आई म्हणाली, "माझ्यापायी बांधाला हात लावायचा नाही. कळा तेवढ्या थांबवा, आनि मला घरी ठेवा." त्याप्रमाणे ठरले.

शेवटच्या आजारात मशीनवर ठेवावे की नाही, याविषयीची इच्छा आधी लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने मान्यता दिली आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमक्ष लिहून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते करता येते.

७. वेदना थांबवता येते

एका दवाखान्यात आम्हांस सांगण्यात आले, "आता काही करता येणार नाही, घरी घेऊन जा." हातात साध्या दुखण्याच्या गोळ्यांची चिठ्ठी होती. त्या आठवड्यात आई रात्र रात्र उकिडवी बसून काढी. ज्यांना असे सांगितले जाते, त्या सर्व सभासदांना आम्ही जोर देऊन सांगतो की हे वाक्य खरे नाही. रोग बरा करता येत नसला तरी वेदना, उलटी, धाप, जखमेचा वास यांवर पुष्कळ करता येते. या शास्त्राला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आपण त्याला वेदनाशामक सेवा म्हणू. लंडनला सिसिली साँडर्स या डॉक्टरबाईंनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हे रुग्णालय काढून त्याचा पाया घातला. आपल्या देशातले अशा प्रकारचे पहिले घर, शांती आवेदना सदन, मुंबईत वांद्र्याला १९८६ साली निघाले. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून विनामूल्य सेवा देते. घरच्या माणसाला सेवा कशी करावी, हेही तिथे शिकवतात. टाटा हॉस्पिटलात असा विभाग आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली वेदनेच्या औषधांची शिडी सांगितली. पहिल्या पायरीला पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, दुसऱ्या पायरीला त्याहून जोरकस, आणि तिसऱ्या पायरीला मॉर्फिन. मॉर्फिन म्हटले की लोक दचकतात. म्हणून नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका इथे घेतो.

"त्याची सवय लागते ना?" कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घेतले तर व्यसन लागण्याचा धोका फार थोडा. वेदना वाढली की मात्रा वाढवतात, कमी झाली की डॉक्टर हळूहळू कमी करतात. आपण होऊन एकदम बंद मात्र करू नये.

"म्हणजे आता शेवट आला का?" नाही. मॉर्फिन वेदना पाहून देतात, दिवस मोजून नव्हे. वेदना थांबली की माणूस झोपतो, दोन घास खातो, बोलतो.

"दुखलं की द्यावं ना?" नाही. घड्याळाप्रमाणे द्यावे. साधी गोळी दर चार तासांनी असते. पीक सुकून माना टाकल्यावर पाणी दिले तर ते ताणातून लवकर निघत नाही, पण वाफसा टिकवून पाणी दिले तर थोडक्यात भागते. वेदनेचे तसेच आहे. ती उसळण्याआधी पुढची गोळी पोटात गेली पाहिजे.

"त्रास काय होतो?" पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ असते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र हटत नाही. म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्यावे.

"मिळते कुठे?" सगळ्या मेडिकल दुकानांत मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे डॉक्टर व दुकानदार हात लावायला भीत. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले. तेव्हा अशी संस्था गाठावी. गोळ्या कुलपात ठेवाव्यात, वहीत मोजदाद ठेवावी आणि उरलेल्या परत कराव्यात.

योग्य ठिकाणी पोहोचल्यावर तिसऱ्या रात्री आमची आई सलग पाच तास झोपली. सकाळी उठून तिने आधी "खोडव्याला खत घातलं का?" असे विचारले. आम्हांला त्या दिवशी समजले की वेदना माणसाकडून त्याचे घर आणि रानही काढून घेते, आणि ती थांबवली तर ते परत मिळते.

८. शेवटचे दिवस

शेवटच्या आठवड्यांत भूक जाते. घरच्यांना वाटते, खाल्ले तर ताकद येईल. पण शरीरच अन्न घ्यायचे थांबवीत असते. बळे भरवले तर ठसका लागतो, छातीत जाते. मागेल ते, मागेल तेवढेच, चमच्याने द्यावे. सलाईन लावण्याचा आग्रह धरू नये, बहुधा त्याने सूज व धाप वाढते.

ओठ आणि तोंड ओल्या स्वच्छ फडक्याने वारंवार पुसावे. दर दोन तासांनी कूस बदलावी, चादरीला चुणी राहू देऊ नये, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. हवेची गादी मिळाल्यास उत्तम. जखमेला किंवा अंगावरून जाण्याला वास येत असेल तर डॉक्टरांना सांगावे, त्यावर औषध आहे. रक्तस्राव होण्याचा संभव असेल तर गडद रंगाचा टॉवेल जवळ ठेवावा, म्हणजे पाहणारे घाबरत नाहीत.

पुढे झोप वाढते, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, घशात घरघर होते. हे पाहून घाई-घाईने जीप करून दवाखान्यात धावू नये. ते पाहणाऱ्याला भयंकर वाटते, पण बेशुद्धीत असलेल्या माणसाला बहुधा त्याचा त्रास नसतो. कुशीवर वळवावे, उशाशी बसावे, हात धरावा. ऐकू येत आहे असे समजूनच बोलावे. जमिनीच्या वाटणीचे बोलणे त्या खोलीत काढू नये.

आमच्या आईपाशी शेवटच्या रात्री बहीण होती. पाळी तिचीच होती. पहाटे श्वास लांबत गेले तशी तिने सगळ्यांना उठवले. सून पाय चेपीत होती, नातू पाण्याचा चमचा धरून उभा होता. दिवस उगवायच्या आत ती गेली. दुःख व्हायचे ते झालेच. पण कळा नव्हत्या, घर तिचे होते, आणि सगळे जवळ होते.

९. कागदपत्रे

घरी मृत्यू झाल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यावा आणि २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करावी. आई कारखान्याची सभासद असेल तर तिच्या शेअरला वारस नेमलेला आहे की नाही हे ती हिंडती-फिरती असतानाच पाहावे. नॉमिनेशनचा फॉर्म शेअर विभागात व गट ऑफिसात मिळतो. सहकार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे मयत सभासदाचे भाग नेमलेल्या व्यक्तीच्या नावे होतात. शुद्ध हरपत चाललेल्या आईचा अंगठा कागदावर उठवणे कायद्यानेही वाईट आणि मनुष्यधर्मानेही वाईट.

ज्यांनी रात्री जागवल्या त्यांचीही नंतर विचारपूस करावी. तेराव्यानंतर घर रिकामे होते, आणि सेवा करणारीला पहाटे चारला गोळीच्या वेळेला जाग येत राहते. तिला चार दिवस माहेरी धाडावे.

ध्यानात ठेवा

ऊस जाण्याची वाट पाहू नका. सावकाराआधी आरोग्यमित्र गाठा. शेक चुकवू नका. केमोत ताप आला तर रात्रीच निघा. आईने विचारले तर खरे सांगा. सेवेच्या पाळ्या कागदावर लिहा. वेदना मुकाट्याने सोसू देऊ नका, मॉर्फिनला भिऊ नका. शेवटी बळे भरवू नका. शेअरचा वारस वेळेत नेमा.

कोणा सभासदाच्या घरी असे आजारपण असल्यास गट ऑफिसात निःसंकोच सांगावे. तोडणीची पाळी लागणीच्या तारखेप्रमाणेच राहील, तिच्यात बदल करणे आमच्या हाती नाही. पण त्या दिवशी तुमच्या रानात टोळीवर लक्ष ठेवायला माणूस उभा राहील आणि वजनाच्या पावत्या घरपोच येतील, एवढे शेतकी खाते नक्की पाहील. तुम्ही आईजवळ थांबा.

पुढील अंकी : खोडव्यातील पाचट व्यवस्थापन.

ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग